खारीचे सदतीस शब्द

खारी झोपलेलीच होती आणि चप्पल आली. सोमवारची दुपार, एक वाजून गेलेला, कूलरचा पंप घरघरत होता आणि अक्षदा ओट्याशी पोळ्या लाटत होती. गेटाशी स्कूटर वाजली की मागे न बघता ‘खारी, बाबाची चप्पल आण’ म्हणायचं, खारीने बाल्कनीतून नीरजची घरात घालायची चप्पल तोंडात धरून आणायची, पायाशी टाकायची आणि डब्यातला बिस्किटाचा तुकडा खायचा, असा त्या घराचा रोजचा रिवाज. त्या दिवशी स्कूटर निघाली शेजारच्या मीणांची, पण सवयीने तोंडातून शब्द गेला तो गेला. चप्पल पायाशी पडली. अक्षदाने डावा हात डब्यात घालून तुकडा काढला, मागे नेला, तो ओल्या ओठांनी घेतला गेला, आणि पिठाच्या उजव्या हाताने डोकं थोपटत ती म्हणाली, “शाब्बास ग बाई.” हाताला केस लागले. तेल लावून घट्ट विंचरलेले, मधोमध भांग पाडलेले. तिने वळून बघितलं. कीर्ती उकिडवी बसून खारीचं बिस्कीट चावत होती, आणि पलीकडे कूलरखालच्या ओल्या फरशीवर खारी चारी पाय वर करून झोपली होती.

पोरीने आईचं ऐकलं, चप्पल आणली, यात एवढं दचकण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारील. पण कीर्ती सव्वातीन वर्षांची होती आणि तिला काही कळत नाही हे कागदावर लिहिलेलं होतं. एक शब्द नाही. आई नाही, पाणी नाही. कान तपासले, ते तल्लख निघाले. मग बोलायला उशीर होणाऱ्या मुलांच्या सेंटरच्या माथुर मॅडम, फार शांत बाई, रेघ मारल्यासारखं बोलणाऱ्या, त्यांनी आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, “घर में दो-दो भाषा चल रही है, बच्ची कन्फ्यूज है. एक रखिए. हिंदी रखिए, बाहर वही काम आएगी.” नीरज रेल्वेच्या सिग्नल विभागातला माणूस, दिवा लाल म्हणजे लाल, हिरवा म्हणजे हिरवा. त्याच संध्याकाळपासून घरातलं मराठी बंद. पोरीशी बंद आणि पोरीसमोर आपसातही बंद. आता येत्या गुरुवारी मॅडम पुन्हा तपासणार होत्या. जून-जुलैत कॉलनीजवळच्या शाळेत नर्सरीत पाठवायचं, का सेंटरमधल्याच वेगळ्या वर्गात तीन वर्षं ठेवायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. त्या वर्गाची खोली अक्षदाने एकदा दारातून बघितली होती. तिथली मुलं वाईट नव्हती, खोलीही वाईट नव्हती, पण तिला घरी येईपर्यंत घाम सुटत राहिला होता.

हिंदी तिला येत होतं, न यायला काय झालं. सहा वर्षं जयपुरात काढली, सोडाल्याच्या बाजारात भाव करते, मीणा भाभींकडून बासोड्याच्या सणाचं शिळं जेवण आलं की ‘अरे वाह, बहुत बढ़िया’ म्हणते. पण त्या हिंदीत लेकराला रागावता येत नव्हतं आणि कुरवाळताही येत नव्हतं. ‘बेटा, दूध पी लो’ म्हणताना तिला आपण पोस्टाच्या खिडकीशी उभ्या आहोत असं वाटायचं. परभणीहून सासूबाईंचा, द्वारकाबाईंचा, रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. “माझी चिमणी, काय करायलीस ग?” असं त्या म्हणाल्या की नीरज फोन स्वतःकडे वळवून सांगायचा, “आई, हिंदीत बोल म्हणलं ना.” मग द्वारकाबाई, ज्यांनी आयुष्यात औंढ्यापलीकडे प्रवास केला नव्हता, टीव्हीवर ऐकलेलं एकच वाक्य जमवून म्हणायच्या, “बेटा, खाना खाया?” आणि पुढे काही न सुचून पडद्यात नुसत्या बघत राहायच्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिघंही त्या पडद्याकडे बघत बसायची. अक्षदाला त्या वेळी सासूबाईंची इतकी कीव यायची, की ती चहाचं निमित्त करून आत जायची.

राहिली खारी. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली जन्मलेली, बेकरीतल्या खारीच्या रंगाची गावठी कुत्री, कीर्तीहून वर्षाने मोठी. ती पहिल्यापासून मराठीत वाढली होती आणि तिच्याशी हिंदी बोला असं कुठल्या मॅडमने सांगितलं नव्हतं. नीरज कामावर गेला की अक्षदा खारीपाशी मोकळी व्हायची. “काय उन्हाळा म्हणावा ग हा,” “आज भाजीत मीठच टाकलं नाही बघ मी,” “तुला काय होतंय, तू आपली लोळायलीस.” आठ महिन्यांचं साचलेलं सगळं त्या कुत्रीच्या कानात गेलं होतं. त्या वेळी कीर्ती तिथेच असायची, खारीच्या पोटाला पाठ लावून, ठोकळे एकावर एक ठेवत. ती असायची हे अक्षदाला माहीत होतं. पण आपण कुत्रीशी बोलतोय, पोरीशी नाही, म्हणजे नियम मोडत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. सोमवारी संध्याकाळी भाजी निवडताना तिने खारीला किती शब्द कळतात ते मोजले. चप्पल, चेंडू, पोळी, बाबा, फिरायला, गाडी, पाऊस, मांजर, आंघोळ. बस, ऊठ, आण, सोड, गप, गेली, आली. आंघोळ म्हटलं की खारी कॉटखाली जायची, गाडी म्हटलं की गेटाकडे. सदतीस भरले. पोरीच्या कागदावर त्याच रकान्यात शून्य होतं, आणि हे आठवून तिला खारीचा राग आला, इतका की तिने तिला उगाच बाल्कनीत हाकललं.

‘तिला सगळं कळतं बघा, फक्त बोलत नाही.’ खारीबद्दल येणारा-जाणारा हे म्हणतो. कीर्तीबद्दल अक्षदाची आई फोनवर हेच म्हणायची. आणि अक्षदाच्या लहानपणी परभणीतल्या माहेरच्या घरात हे वाक्य शालनआत्याबद्दल म्हटलं जायचं. वडिलांची, ज्ञानोबांची, ही धाकटी बहीण मुकी होती. तिला कुणी काही सांगत नसे, नुसती खूण करत किंवा एक शब्द टाकत. ऊठ. बस. घे. जा. ती उठायची, बसायची, घ्यायची, जायची. सगळं घर तिच्यावर माया करायचं, सणाला तिला पहिलं लुगडं आणायचं, पण लुगडं कुठल्या रंगाचं हवं हे तिला कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा सात-आठ वर्षांची अक्षदा शाळेतून आली तर आत्या मागच्या दारी बसून कोंबड्यांपुढे तोंड हलवत होती. आवाज नाही, नुसते ओठ, भराभरा, भांडल्यासारखे. अक्षदाला बघताच तिने ओठ मिटले आणि उठून पाणी आणायला गेली. कुणी सांगितलं नव्हतं तरी गेली. त्या ओठांवर काय होतं हा प्रश्न अक्षदाला तेव्हा पडला नाही; तो आता, पंचवीस वर्षांनी, जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मेथीच्या काड्या हातात असताना पडला. कीर्तीही अशीच उठेल, बसेल, चप्पल आणील. सगळे म्हणतील, गुणाची आहे.

मंगळवारी तिने करून बघितलं. खारीला बाल्कनीत कोंडलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि चोरासारख्या हलक्या आवाजात म्हणाली, “कीर्ती, चेंडू आण.” कीर्ती ठोकळे लावत राहिली. “कीर्ती, बॉल लाओ.” काही नाही. “कीर्ती, माझ्या राजा, इकडं बघ.” आठ महिन्यांनी पोरीशी मराठी बोलताना तिचाच आवाज तिला परका वाटला, आणि पोरीने मान वर केली नाही. जे म्हणायचं होतं ते जिभेवर आलं होतं आणि ते म्हणायचं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “खारी, चेंडू आण.” कीर्तीने मान वर केली. आधी बाल्कनीच्या बंद दाराकडे बघितलं, मग उठली, कॉटखालून चेंडू काढला, आणून पायाशी ठेवला आणि समोर उकिडवी बसली. “खारी, पोळी कुठाय?” बोट डब्याकडे. “खारी, बाबा कुठं गेले?” नजर गेटाकडे. प्रत्येक वेळी आधी त्या बंद दाराकडे बघायची, जशी काही पलीकडच्या कुत्रीची परवानगी घेते, आणि मग करायची. अक्षदा विचारत गेली, एकोणीस, वीस, एकवीस, तिला थांबवेना. पोरीला कळत होतं. शून्य नव्हतं, शून्य खोटं होतं. आणि पोर स्वतःच्या नावाला दगड होती नि कुत्रीच्या नावाला ओ देत होती. बाविसाव्याला कीर्तीने बिस्किटासाठी तोंड उघडलं, तेव्हा अक्षदा बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. हे आपण केलं, आठ महिने रोज दुपारी केलं. पोरीला वाटत असेल, ही भाषा खारी नावाच्या जनावराशी बोलायची असते.

हे नीरजला सांगायला हवं होतं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं, ते तिने चार प्रकारे मनात मांडून बघितलं. मी नियम मोडला. पोरगी कुत्री झालीय. पोरगी हुशार आहे, पण तिला खारी म्हणून हाक मारा. मॅडमसमोर मारा, उद्या शाळेतही मारा. यातलं कुठलंच वाक्य तोंडाबाहेर पडण्यासारखं नव्हतं. मंगळवार गेला. बुधवारी दुपारी तिला बाल्कनीतून पुटपुटल्यासारखं काही ऐकू आलं, बारीक, लयीतलं. ती धावत गेली तर कीर्ती खारीच्या कानाशी तोंड नेऊन बसली होती. अक्षदाला बघताच तिने ओठ मिटले. मीणांच्या टीव्हीचा आवाज असेल, असं अक्षदाने स्वतःला सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी नीरज लवकर आला, पाणी प्याला आणि खुर्चीत बसून बूट न काढता बोलायला लागला. मराठीत बोलत होता, म्हणजे मनातलं होतं. “आपल्या कामाच्या गँगमधला मुरलीधर आहे ना, चाकसू गावचा. त्याचं शेत आहे, मोकळं रान आहे. उद्या सकाळी खारीला घेऊन जातो म्हणाला.”

“उद्या? उद्या तर मॅडमकडं जायचंय.”

“त्याच्या आधी. मॅडमनी विचारलं तर सांगता येईल ना, की काढलं कुत्रं. अक्षदा, परवा कीर्ती दारात बसून गुरगुरली. पोस्टमनवर. मी बघितलं. तुला नाही दिसायलं का, ती कुणाचं बघून शिकायली ते? आपण हिंदी बोलून बोलून मरायलोत आणि ती कुत्र्याची भाषा उचलायली.”

त्याचे डोळे लाल झाले होते. हा माणूस रोज रात्री जेवल्यावर पोरीला मांडीवर घेऊन चित्रांच्या पुस्तकातून ‘सेब, सेब, से-ब’ म्हणायचा, सफरचंदावर बोट ठेवून, दोनशे-दोनशे वेळा, कधी न चिडता, हे अक्षदाने आठ महिने पाहिलं होतं. आता सांगावं. कुत्र्याची भाषा नाही हो, माझी आहे. हे एवढंच वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर खारी राहिली असती. तिने ओठ उघडले, आणि तिला समोर तो कागद दिसला, आणि त्या कागदावर मॅडमच्या रेघेसारख्या अक्षरात, ‘माँ बच्ची को कुत्ते के नाम से बुलाती है.’ ती म्हणाली, “तिचं ताट देऊ का सोबत? दुसऱ्या भांड्यात खात नाही ती.” नीरजला बरं वाटलं. बायको समजूतदार आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं, आणि त्या समजूतदारपणाची तिला शिसारी आली.

गुरुवारी साडेसातला मुरलीधर मोटारसायकल घेऊन आला, मागे दुधाच्या कॅनच्या जागी प्लास्टिकचं मोठं क्रेट बांधलेलं. भला माणूस होता. “भाभीजी, चिंता मत करो, खेत में राज करेगी,” म्हणाला. खारी गाडी म्हटल्यावर खूश होऊन स्वतःच चढली, तिला बांधावंही लागलं नाही. कीर्ती बाल्कनीच्या जाळीला धरून उभी होती. गाडी वळणाआड गेली तरी उभी होती. रडली नाही, आवाज केला नाही. नीरजने तिला उचलून घेतलं आणि “बेटा, खारी घूमने गई,” असं दोनदा सांगितलं. तिने त्याच्या खांद्यावरून अक्षदाकडे बघितलं. त्या बघण्यापुढे अक्षदाने मान खाली घातली आणि पोरीच्या वेण्या घालायला कंगवा शोधू लागली. कंगवा तिच्या हातातच होता.

सेंटरची खोली थंड होती. जमिनीवर रंगीत गाद्या, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली, टोपलीत लाल चेंडू. आईवडिलांसाठी भिंतीशी दोन खुर्च्या. मॅडम कीर्तीसमोर मांडी घालून बसल्या, मांडीवर पॅड, हातात पेन. “कीर्ती बेटा, बॉल कहाँ है?” त्यांनी वाट बघितली, मनात पाच मोजले असावेत, आणि पेनने एक खूण केली. “बेटा, मम्मी कहाँ है?” खूण. “पापा को दिखाओ.” खूण. “ये क्या है, सेब?” नीरज खुर्चीत पुढे सरकला, त्याचे ओठ आपोआप ‘से’ करून थांबले. कीर्ती गादीच्या शिवणीवरून बोट फिरवत होती. खूण. पेनचा आवाज फार बारीक होता, पण अक्षदाला तो दाढेत ऐकू येत होता. अकरा खुणा झाल्या. प्रत्येक खुणेबरोबर त्या वेगळ्या वर्गाचं दार थोडं उघडत होतं आणि ते बंद करण्याचा शब्द तिच्याजवळ होता. कुत्रीचं नाव. नवऱ्यासमोर, ज्याने त्याच सकाळी ती कुत्री काढून दिली होती. लाज एका बाजूला आणि पोर एका बाजूला, आणि मंगळवारपासून आपण लाजेला निवडत आलो, हे तिला त्या थंड खोलीत अगदी स्वच्छ कळलं. तिला स्वतःचा संताप आला.

मॅडमनी पान उलटलं. “एक बार आप बोलिए, मम्मी. जैसे घर में बोलती हैं.”

अक्षदाने नीरजकडे बघितलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत, घरातल्या ओट्याशी असल्यासारखी, म्हणाली, “खारी, चेंडू आण.”

नीरजची मान झटक्याने वळली. मॅडमचं पेन थांबलं. कीर्तीने गादीवरचं बोट उचललं आणि मान वर केली. तिने खोलीच्या दाराकडे बघितलं. मग वाकून नीरजच्या खुर्चीखाली बघितलं, मग अक्षदाच्या खुर्चीखाली. खारी कुठेच नव्हती. ती सरळ उभी राहिली, आईपाशी आली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, अवघड गोष्ट समजावून सांगावी तशी, म्हणाली, “खारी गेली.”

आवाज थोडा घोगरा होता, न वापरलेला.

“खारी गेली,” कीर्ती पुन्हा म्हणाली, आईला कळलं नाही म्हणून. “मी आणते.” आणि ती टोपलीकडे चालत गेली.

म्हणजे कीर्ती खारी कधीच झाली नव्हती. सोमवारी खारी झोपली होती, मंगळवारी कोंडलेली होती, म्हणून पोरीने तिचं काम केलं होतं. दर वेळी ती बंद दाराकडे बघत होती ते कुत्री जाते का हे बघायला, आणि कुत्री येत नाही म्हटल्यावर उठत होती. स्वतःच्या नावाला ती ओ देत नव्हती, कारण त्या नावाने तिला आठ महिने कुणी खरं काही सांगितलंच नव्हतं. सेब म्हणा, दूध पी लो, एवढंच. घरात जे काही जिवंत बोलणं होतं ते सगळं खारीला उद्देशून होतं, आणि ते तिने बाजूला बसून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, घेतलं होतं. अक्षदा भीत होती ती पोरगी जनावर होईल म्हणून, आणि पोरगी इतके दिवस तिच्या मदतीला धावत होती.

“क्या कहा इसने?” मॅडमनी विचारलं. त्यांचा शांतपणा पहिल्यांदा थोडा हलला होता.

“खारी गेली म्हणाली,” नीरज म्हणाला. “मी आणते म्हणाली.” मॅडमना त्यातलं काही कळलं नाही, आणि आपण त्यांना मराठीत सांगतोय हे त्याला कळलं नाही. तो रडत होता, चष्मा काढून, शर्टाच्या बाहीने नाक पुसत.

कीर्ती लाल चेंडू घेऊन परत आली. अक्षदाने दोन्ही हात पुढे केले. “दे, माझी बाई, दे,” असं तिच्या तोंडून निघालं. पण कीर्तीने चेंडू दिला नाही. तो छातीशी धरून ती बापासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याचा चेहरा बाहीआडून बाहेर येईपर्यंत थांबली.

“बाबा,” ती म्हणाली, “खारी आण.”

नीरज खुर्चीवरून उठला.